नजर पडद्याबाहेर

“सही कर आणि मोकळी हो,” आप्पा म्हणाले आणि टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं.

समोर कागद होता. मजकूर कॉलेजनंच पाठवलेला. लॉकडाउन होता, तरी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं अर्धं शटर वर करून तो छापून दिला होता. ‘मी ऑनलाइन परीक्षेत गैरप्रकार केल्याचे मान्य करते. पुन्हा असे होणार नाही, याची हमी देते.’ खाली माझं नाव आधीच टाइप केलेलं. गिरिजा कलगोंडा मगदूम, बी.एस्सी. भाग एक. सहीपुरती जागा तेवढी मोकळी ठेवली होती.

“मी कॉपी केलेली नाही, आप्पा.”

“ते मला माहीत आहे गं.”

“मग?”

“मग काय मग? कॉलेजशी भांडणार आहेस? वाकलं की वारं डोक्यावरनं जातं. ताठ उभं राहिलं की मोडतं माणूस.”

आप्पा गडहिंग्लजला बँकेत शिपाई होते. साहेब येत गेले, बदलून जात गेले, आप्पा तिथंच राहिले. ते कसे राहिले, ते या एका वाक्यात होतं. त्यांना दोष देत नाही. त्या वाकण्यावरच आमचं घर उभं होतं.

कॉलेजचं म्हणणं सरळ होतं. सही केली तर रसायनशास्त्राचा तेवढा पेपर रद्द, पुढच्या वर्षी परत द्यायचा. सही न करता चौकशी समितीपुढं गेले आणि दोषी ठरले, तर सगळं सत्र बाद. आरोप मेलमध्ये एका ओळीत लिहिला होता: ‘परीक्षेदरम्यान विद्यार्थिनीची नजर सातत्याने पडद्याबाहेर असल्याचे प्रणालीने नोंदवले आहे.’

आई सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “ते एवढं सांगून टाकलंस, तर काय जातंय तुझं?”

“नाही सांगणार.”

“अगं, पण ते काय लपणार आहे?”

“वर्षभर लपलं होतं ना!”

आमच्या घरात त्या गोष्टीला नाव नव्हतं. आई नुसतं ‘ते’ म्हणायची. आप्पा तेवढंही म्हणत नसत. आणि मी? मी गेलं वर्षभर ते विसरूनच गेले होते. आयुष्यात पहिल्यांदा विसरायची मुभा मिळाली होती.

ऑनलाइन वर्ग सुरू झाले तेव्हा सगळे रडत होते. रेंज नाही, फोन एकच, घरात आवाज, डोकं दुखतंय. सगळं खरं होतं. मी मात्र रडले नाही. शाळेपासून मी शेवटच्या बाकावरची, तीही भिंतीकडच्या टोकाला बसणारी. वर्गात कधी हात वर केला नाही. मास्तरांनी उभं केलं, तर पायाच्या अंगठ्याकडं बघत उत्तर द्यायचं आणि खाली बसायचं. बारावीपर्यंत निम्म्या वर्गाला माझा आवाज माहीत नव्हता. ऑनलाइन वर्गात कॅमेरा बंद ठेवायला परवानगी होती. रेंज पुरत नाही म्हणून. तिथं मी नुसतं एक नाव होते. नावाला चेहरा नव्हता.

तळेकर सर रसायनशास्त्र शिकवायचे. एका खोलीत एकट्यानं भिंतीवरच्या फळ्याशी बोलत ते तासाचं चित्रण करायचे आणि पाठवून द्यायचे. वर्गात सर एकदाच सांगतात. कळलं तर कळलं. इथं मी त्यांना थांबवू शकत होते, मागं नेऊ शकत होते, पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावू शकत होते, आणि ते एकदाही वैतागत नव्हते. मग थेट तासाला मी प्रश्न टाइप करायची. सर वाचायचे आणि म्हणायचे, “गिरिजा मगदूम यांनी फार चांगला प्रश्न विचारलाय.” फोन मांडीवर घेऊन मी एकटीच लाजायची. पुढं पुढं मुलंच मला शंका विचारायला लागली.

त्यातलीच नाझनीन मुल्ला. आजऱ्याच्या पलीकडं डोंगरातल्या एका वाडीवर राहायची. तिच्या घरात रेंज यायची नाही, म्हणून गोठ्यामागच्या दगडावर बसून ती तास ऐकायची. संध्याकाळी फोन करायची आणि म्हणायची, “गिरिजा, आज सरांचं तोंड हललं, आवाज मात्र आलाच नाही. सांग तू.” मग मी तिला सगळा तास सांगायची. आम्ही एकमेकींना कधी बघितलं नव्हतं. पण आवाजावरनं तिचा मूड कळायचा मला.

प्रयोगाचे तास मात्र नुसती थट्टा होती. पडद्यावर काचेच्या नळ्यांचं चित्र यायचं, बोट टेकवलं की थेंब पडायचा आणि चंबूतलं पाणी आपोआप गुलाबी व्हायचं. नाझनीन म्हणायची, “आपण शिकतोय की मोबाइलवर गेम खेळतोय?” पण तिनंही वही पूर्ण केली, मीही केली. सगळ्यांना चांगले गुण पडले. कुणाच्याही बोटाला आम्लाचा वास लागला नाही.

परीक्षा आली तेव्हा कॉलेजनं नवीन प्रणाली आणली. पेपर संपेपर्यंत कॅमेरा चालू ठेवायचा. आपला चेहरा पडद्याच्या कोपऱ्यात दिसतो, त्याभोवती हिरवी चौकट असते. काही संशयास्पद वाटलं की चौकट लाल होते आणि सूचना येते.

माझी चौकट पहिल्याच प्रश्नाला लाल झाली. ‘कृपया पडद्याकडे पाहा.’

मी पडद्याकडंच बघत होते. मान हलवून बघितली, फोन थोडा उजवीकडं सरकवला. हिरवी झाली, परत लाल झाली. दर प्रश्नाला लाल. प्रश्न येत होते, उत्तरं येत होती, आणि कोपऱ्यात ते लाल जळत होतं. पेपर मी पूर्ण केला. चांगला गेला होता. उठले तेव्हा पाठ घामानं भिजली होती.

नाझनीनलाही तोच मेल आला. तिच्यावरचा आरोप वेगळा होता: ‘खोलीत दुसऱ्या व्यक्तीची उपस्थिती.’

“दादी पाणी प्यायला आली होती गं मागनं,” ती फोनवर म्हणाली. परीक्षेपुरती ती चुलत्याच्या घरी, आजरा गावात राहायला गेली होती. “एकच खोली आहे. माठ माझ्या पाठीमागं. दादीला काय माहीत कॅमेरा काय असतो!”

“मग सांग ना समितीला.”

“सही केली मी.”

“नाझनीन!”

“अब्बा म्हणाले, सत्र गेलं तर परत पाठवणार नाही. जाऊ दे. एकच पेपर आहे.”

तिच्या आवाजात रडणं नव्हतं. तेच मला झोंबलं. जे केलं नाही ते कबूल करून ती इतकी शांत बसली होती, जणू मुलींनी असंच करायचं असतं. मी फोन ठेवला, आप्पांचं पेन परत त्यांच्या खिशाला लावलं आणि समितीपुढं हजर राहते म्हणून कॉलेजला कळवलं.

सुनावणी सकाळी होती. फोन पितळी डब्याला टेकवून ठेवला. पलीकडच्या कॉटवर आई बसली. आप्पांनी त्या दिवशी बँकेत सांगून उशिरा जायचं ठरवलं होतं. बँकेचा गणवेश घालून ते दाराशी उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

पडद्यावर चार चौकटी उघडल्या. मधोमध उपप्राचार्य खर्डेकर सर, समितीचे अध्यक्ष. परीक्षा विभागाचे इंगवले सर. मोहिते मॅडम. आणि विषयशिक्षक म्हणून तळेकर सर. मी कॅमेरा चालू केला. सवयीनं मान खालीच होती.

“मगदूम, मान वर करून बोल,” खर्डेकर सर म्हणाले. “मेल वाचलास ना? काय म्हणणं आहे तुझं?”

“मी काही गैरप्रकार केलेला नाही, सर.”

“इकडं बघून बोल.”

“बघतेय, सर.”

“कुठं बघतेयस? आत्तासुद्धा तू बाजूला बघतेयस. कोण आहे तिकडं? कोण पढवतंय तुला?”

“कुणी नाही.”

इंगवले सर पुढं झुकले. “बघा सर, प्रत्यक्ष समितीसमोर हे चाललंय. परीक्षेत काय चाललं असेल! ए, फोन फिरव बघू. सगळी खोली दाखव.”

मी फोन उचलला आणि खोलीभर फिरवला. कॉट, कॉटवर आई, भिंतीवरचं कॅलेंडर. दारात आप्पा. फोन त्यांच्याकडं वळताच आप्पांनी पायातल्या चपला काढल्या, दोन्ही हात जोडले आणि कंबरेत वाकून नमस्कार केला. त्या एवढ्याशा फोनला. नुसते ओठ हलत होते, “साहेब, साहेब.”

आजवर मी आप्पांना कुणाकुणापुढं वाकताना बघितलं होतं. पण माझ्यासाठी, मी न केलेल्या गोष्टीसाठी, आपल्याच घराच्या उंबऱ्यावर वाकलेले आप्पा बघितले आणि माझ्या आत काहीतरी तडकलं.

मी फोन परत डब्याला टेकवला. चष्मा काढला. तोंड कॅमेऱ्याजवळ नेलं, इतकं की पडद्यावर नुसते माझे डोळेच दिसायला लागले.

“सर, मी तुमच्याकडंच बघतेय. मघापासून तुमच्याकडंच बघतेय. माझा डावा डोळा तिरळा आहे. जन्मापासून.”

घरात तो शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला. आईच्या हातातला पदर तोंडाशी गेला.

मोहिते मॅडमनी खाली बघितलं. तळेकर सर एकटक बघत होते. वर्षभर ज्या नावाशी बोलले, त्या नावाचा चेहरा ते पहिल्यांदा बघत होते.

मग इंगवले सरांनी घसा खाकरला. “मग आधी सांगायला नको का?”

“कुणाला सांगू, सर? त्या लाल चौकटीला?”

“उलट बोलू नकोस,” खर्डेकर सर म्हणाले. “तसं असेल तर समिती सहानुभूतीनं विचार करेल. सिव्हिल हॉस्पिटलचा दाखला पाठव.”

“कसला दाखला?”

“हाच. तुला तो, म्हणजे, दृष्टिदोष असल्याचा.”

“सिव्हिलमध्ये कोरोनाच्या पेशंटला खाट मिळत नाही, सर. तिथं जाऊन मी तिरळी असल्याचा कागद मागू? तुम्हाला दिसत नाही का?”

“दिसण्याचा प्रश्न नाही. रेकॉर्डचा प्रश्न आहे.”

तो माणूस वाईट नव्हता, हे मला आता कळतं. पण त्या क्षणी त्याचं ते वाक्य ऐकून माझी भीतीच गेली. गेली ती परत आली नाही.

“मग रेकॉर्डचंच बोलू या, सर. माझ्या परीक्षेचं चित्रण तुमच्याकडं आहे. त्यात माझा चेहरा पेपर संपेपर्यंत दिसतोय. तुम्हा चौघांपैकी कुणी ते उघडून बघितलंय? एक मिनिटभर तरी?”

खर्डेकर सरांनी इंगवले सरांकडं बघितलं असावं. पडद्यावर सगळे सरळच बघतात, कळत नाही. इंगवले म्हणाले, “प्रणाली अहवाल देते. त्यात टक्केवारी असते. एवढ्या मुलांचं चित्रण कोण बघत बसणार?”

“म्हणजे कुणी नाही बघितलं.”

“मी मागितलं होतं,” तळेकर सर पहिल्यांदाच बोलले. “माझ्या विषयाच्या मुलांचं चित्रण मी लेखी मागितलं होतं. वेळ नाही, असं उत्तर आलं.”

“तळेकर, हे आपण नंतर बोलू.”

“आत्ताच बोलू या की. या मुलीनं मला वर्षभर जे प्रश्न विचारलेत, ते विचारणाऱ्याला कॉपी करायची गरज नसते. हे मी आधीच म्हणायला हवं होतं. पण या बिनचेहऱ्याच्या चौकटींमध्ये कोण काय आहे, हे आपल्याला कळतंच कुठं?”

खर्डेकर सरांनी हात वर केला. त्यांना ते सगळं आता लवकर आटपायचं होतं. “ठीक आहे. दाखल्याचा आग्रह नको. मगदूम, तुला संशयाचा फायदा देऊन समिती तुझा निकाल जाहीर करेल. झालं?”

पाठीमागनं आप्पांचा सुस्कारा ऐकू आला. आईनं हात जोडले. मला म्हणायचं होतं की यात संशय कसला, फायदा कसला. पण त्याच्याही आधी दुसरंच तोंडातनं गेलं.

“आणि नाझनीन मुल्लाचं काय, सर?”

“तिचं इथं काय? तिनं कबुली दिलीय.”

“तिची आजी पाणी प्यायला तिच्या पाठीमागनं गेली होती. एकाच खोलीत सगळं घर राहतं त्यांचं. ते चित्रणही कुणी बघितलेलं नसणार.”

“तुझं प्रकरण मिटलंय. दुसऱ्याच्या भानगडीत पडू नकोस.”

आप्पा आत आले होते. कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशा बेतानं त्यांनी माझी बाही ओढली. “बस्स. आभार मान आणि बंद कर,” ते कुजबुजले.

“सर, ज्यांच्या ज्यांच्यावर ठपका आहे, त्या सगळ्यांचं चित्रण माणसानं डोळ्यांनी बघेपर्यंत माझाही निकाल राखूनच ठेवा. मला फायदा नको.”

“मूर्खपणा करू नकोस. सत्र जाईल तुझं!”

“जाऊ दे, सर. पण मी हे लेखी पाठवतेय. युनिव्हर्सिटीलाही पाठवतेय.”

मीच बैठकीतनं बाहेर पडले. तांबडं बटण दोनदा दाबावं लागलं.

आप्पा माझ्यावर कधी ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले. “सुटली होतीस! सुटली होतीस आणि परत आत गेलीस! कोण कुठली ती पोरगी, तिच्यासाठी?” चपला पायात अडकवून ते बँकेत निघून गेले. जेवायला घरी आले नाहीत.

संध्याकाळी आले. हातपाय धुतले, कॉटवर बसले. मग म्हणाले, “त्या मुल्लाच्या पोरीच्या वडलांचा नंबर आहे का तुझ्याकडं?”

“कशाला?”

“दे.”

मी नंबर लावून दिला. आप्पा उठून उभे राहिले. फोनवर बोलतानाही त्यांना बसवत नसे. “नमस्कार. मी गडहिंग्लजवरनं कलगोंडा मगदूम बोलतोय. बँकेत आहे. तुमची मुलगी आणि आमची गिरिजा एका वर्गात. नाही, नाही, काळजीचं काही नाही. एवढंच सांगायला फोन केला की तुमच्या पोरीनं काहीएक केलेलं नाही. मीही सही कर म्हणून माझ्या पोरीच्या मागं लागलो होतो. आपण चुकलो, मुल्लासाहेब.”

पलीकडनं काय उत्तर आलं, ते आप्पांनी सांगितलं नाही. फोन माझ्या हातात देऊन ते परसात गेले.

पुढं तळेकर सर आणि मोहिते मॅडम यांनी मिळून ठपका आलेल्या सगळ्या मुलांचं चित्रण बघितलं. खर्डेकर सरांनी परवानगी दिली; माझ्या मेलमुळं की तळेकर सर हटून बसले म्हणून, ते मला कधीच कळलं नाही. तळेकर सरांनीच नंतर फोन करून सांगितलं. एका मुलाच्या खिडकीतनं ऊन येत होतं म्हणून तो डोळे मिचकावत होता. एक मुलगी तापानं फणफणलेली, मधूनमधून डोकं टेबलावर टेकत होती. एकाच्या घरावरनं गेलेल्या रुग्णवाहिकेचा आवाज प्रणालीनं ‘दुसऱ्या व्यक्तीचे बोलणे’ म्हणून नोंदवला होता. आणि नाझनीनच्या पाठीमागनं एक म्हातारी तांब्या घेऊन गेली, जाताना नातीच्या डोक्यावरनं हात फिरवून गेली.

“खरी कॉपी कुणी केलीच नव्हती का, सर?” मी विचारलं.

“केली की. आमच्याच कानावर आलंय, एका पोराचा भाऊ फोनच्या मागं बसून उत्तरं सांगत होता. पण तो पोरगा सरळ समोर बघत होता गं. त्याची चौकट शेवटपर्यंत हिरवी.” सर हसले नाहीत.

निकाल लागले. माझा, नाझनीनचा, सगळ्यांचा. कॉलेजच्या मेलमध्ये लिहिलं होतं, ‘तांत्रिक कारणास्तव विलंब झाला.’ माफीचा शब्द त्यात नव्हता. आज मी औषधं बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तळेकर सरांचे ते तास नसते, तर इथं पोचले नसते, हे कुणालाही सांगते. पण त्या तांत्रिक कारणाची चीड अजून गेलेली नाही. कारण तांत्रिक नव्हतं. कारण माणसांचं होतं. त्यांनी बघायचंच टाळलं होतं.

कॉलेज उघडलं तेव्हा फाटकाशी एक उंच, सावळी मुलगी माझ्यासमोर येऊन थांबली. मी ओळखलं नाही. तिनं “गिरिजा?” म्हटलं आणि मी तिच्या गळ्यात पडले. ती नाझनीन. माझा डोळा तिनं नीट, न लपवता बघून घेतला आणि म्हणाली, “बरं झालं. मला वाटलं होतं, केवढं काय असेल.”

आम्ही वर्गात जायचं सोडून कार्यालयात गेलो. तिचाच आग्रह होता. तिनं घरून एक कागद लिहून आणला होता. खिडकीतल्या क्लार्कपुढं तिनं तो सरकवला.

क्लार्कनं वाचला. “‘मी गैरप्रकार केला नव्हता. माझी आधीची कबुली खोटी असून ती मी मागे घेत आहे.’ हे काय आता? तुझा निकाल लागलाय ना? पास आहेस ना?”

“हो.”

“मग कशाला उकरतेस? जुना कागद फायलीला लागलाय, तो काही निघत नाही.”

“नका काढू. हा त्याच्यावर लावा.”

“बरं, ठेव. बघतो.”

नाझनीन हलली नाही. पाठीमागं मुलांची रांग वाढत होती, कुणीतरी चुकचुकलं. फोनवर जाऊ दे म्हणणारी ती मुलगी ही नव्हेच. तिनं दप्तरातनं त्याच कागदाची दुसरी प्रत काढली आणि खिडकीत धरली.

“पोच द्या,” ती म्हणाली. “लेखी दिलं होतं, लेखीच मागं घेतेय.”

क्लार्कनं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि शेवटी शिक्का उचलला.